गोदामापासून मागापर्यंत : पेशीतील मेदाच्या वाहतुकीची कथा

मालेगावात रमजानच्या महिन्यात दिवस मावळायला आला की रस्त्यांवर भजी-समोशांच्या कढया चढतात. पहाटेपासून पोटात अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब न गेलेली माणसे खजूर खाऊन रोजा सोडतात. याच गावात आषाढी एकादशीला अनेक घरांत साबुदाण्याची खिचडी होते, तर काही जण नुसत्या पाण्यावर दिवस काढतात. पचनसंस्थेचा धडा शिकवताना या दोन्ही घरांतल्या मुलांना एक प्रश्न विचारता येतो. उपाशीपोटी शरीर आपल्याच साठ्यातली चरबी बाहेर काढते. तिच्यातली मेदाम्ले मोठ्या प्रमाणात यकृताकडे जातात आणि तिथे त्यांची पुन्हा चरबी बनते. यकृत अशा चरबीने भरून जात असता ती लोंढ्याने रक्तात का उतरत नाही?

प्रश्न साधा आहे. पण पेशीच्या पातळीवर त्याचे उत्तर मिळायला २०१७ साल उजाडावे लागले, आणि ते उत्तर आपल्या मुंबईत मिळाले. तिथपर्यंतची वाट मात्र चारशे वर्षांची आहे. पाठ्यपुस्तकात ती एका वाक्यात संपते : पित्तामुळे मेदाचे पायसीकरण होते, लायपेज या विकरामुळे त्याचे विघटन होते आणि तयार झालेले घटक शोषले जातात. ‘शोषले जातात’ या दोन शब्दांच्या पोटात काय दडले आहे, ते या लेखात पाहू.

कुत्र्याच्या पोटातल्या पांढऱ्या दोऱ्या

१६२२ साली इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली एका जिवंत कुत्र्याचे विच्छेदन करत होते. त्यांना आतड्याच्या पडद्यावर बारीक पांढऱ्या दोऱ्या पसरलेल्या दिसल्या. प्रथम त्यांना त्या चेतातंतू वाटल्या. एक दोरी टोचली तेव्हा तिच्यातून दुधासारखा द्रव बाहेर आला. नंतर दुसऱ्या, उपाशी कुत्र्यात शोधूनही त्या दोऱ्या दिसल्या नाहीत. मग त्यांनी कुत्र्याला आधी भरपेट खाऊ घातले आणि पोट उघडले, तेव्हा दोऱ्या पुन्हा हजर! जेवणाचा आणि त्या दुधाळ द्रवाचा संबंध आहे, हे स्पष्ट झाले. या वाहिन्यांना आपण पयोवाहिन्या म्हणतो. त्या लसीका संस्थेचा भाग आहेत.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १८४० च्या दशकात, फ्रान्सचे क्लोद बर्नार यांना सशाच्या शरीररचनेने मोठी मदत केली. सशात पित्तनलिका लहान आतड्यात वरच्या बाजूला उघडते, पण स्वादुपिंडाची नलिका तिच्यापासून बरीच खाली. सशाला मेदयुक्त अन्न दिल्यावर पयोवाहिन्या पांढऱ्या झाल्या त्या स्वादुपिंडाच्या नलिकेच्या खालच्या भागात. दोन नलिकांच्या मधल्या भागात नव्हे. म्हणजे नुसत्या पित्ताने मेद पचत नाही, त्याला स्वादुपिंडाचा रस लागतो. प्रयोगासाठी प्राणी कसा निवडावा, याचा हा उत्तम धडा आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील सायमन गेज यांनी जेवणानंतरचे रक्त विशिष्ट प्रकाशयोजनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात चमकणारे बारीक कण नाचत होते. या कणांना त्यांनी ‘कायलोमायक्रॉन’ हे नाव दिले. आपण वरणभातावर घेतलेले तूप अशा कणांच्या रूपात आधी लसीकेत, तिथून छातीतील मोठ्या लसीका वाहिनीमार्गे मानेजवळच्या शिरेत आणि मग रक्तात जाते.

पेशीच्या दारातून आत

इथवर वाट दिसली ती आतड्याच्या पोकळीतली आणि वाहिन्यांतली. मधला टप्पा म्हणजे आतड्याच्या अस्तरातील पेशी. तिची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच, पण खरी अडचण तिथेच आहे. पेशीचा अंतर्भाग पाणीदार आणि मेद पाण्यात विरघळत नाही. मग तो या पेशीतून पलीकडे जातो कसा?

पेशीत शिरणारा मेद अखंड नसतो. त्याचे तुकडे झालेले असतात : मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड. आत गेल्यावर पेशी हे तुकडे पुन्हा जोडून ट्रायग्लिसराइड तयार करते. मोडून आणायचे आणि घरात पुन्हा जोडायचे, असा हा प्रकार. मोठे कपाट जिन्यावरून नेताना आपण वेगळे काय करतो?

१९७२ मध्ये रॉबर्ट ऑकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतडे, यकृत आणि हृदय यांच्या पेशींत मेदाम्लांना धरून ठेवणारी लहान प्रथिने असल्याचे दाखवले. आतड्यातील अशा एका प्रथिनाचे जनुक आज ‘एफएबीपी-२’ या नावाने ओळखले जाते. मेदाम्लांची वाहतूक करणारे जनुक सापडले, असेच कुणालाही वाटावे. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे जनुक निकामी केलेल्या उंदरांनीही आहारातील मेद शोषून घेतला. शरीरात एका वाहकाचे काम दुसरा सांभाळू शकतो. म्हणून एखाद्या प्रथिनाला काय धरता येते, एवढे कळून भागत नाही. ते नसताना काय अडते, हे पाहावे लागते. पुढच्या कथेतील जनुकांची ओळख अशीच, त्यांच्या अभावातून पटली.

काटेरी रक्तपेशी

१९५० मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रँक बॅसेन आणि अब्राहम कॉर्न्झवाइग यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिची दृष्टी मंदावत होती, चालताना तोल जात होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तांबड्या रक्तपेशी गोल तबकडीसारख्या न दिसता काटेरी दिसत होत्या. डोळे, चेतासंस्था आणि रक्त यांचा एकमेकांशी संबंध काय, हे तेव्हा उमगले नाही. तिचे आईवडील एकमेकांची सख्खी चुलत-मावस भावंडे या नात्यातले होते, एवढी नोंद मात्र पुढे महत्त्वाची ठरली.

दहा वर्षांनी, १९६० मध्ये, इंग्लंडमधील डॉक्टरांच्या एका गटाने अशाच रुग्णाच्या रक्तात मेद वाहून नेणारे बीटा लायपोप्रथिन मुळीच नसल्याचे दाखवले. आता धागे जुळू लागले. आतड्याच्या पेशींत मेद साचून राहतो, कारण त्याची गाठोडी बांधून बाहेर पाठवता येत नाहीत. न शोषलेला मेद मलावाटे जातो आणि त्याबरोबर मेदात विरघळणारी अ, ई, के ही जीवनसत्त्वेही शरीराला मिळत नाहीत. ई जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावाने चेतातंतू झिजतात. डोळ्याचा आणि तोलाचा बिघाड मुळात आतड्यातून आलेला होता!

बांधणी का होत नाही, हे कळायला आणखी तीस वर्षे गेली. १९८० च्या दशकात जॉन वेटरॉ आणि डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी बैलाच्या यकृतातून एका पटलावरून दुसऱ्या पटलावर ट्रायग्लिसराइड पोचवणारे प्रथिन वेगळे केले. १९९२ मध्ये वेटरॉ आणि सहकाऱ्यांना या आजाराच्या रुग्णांच्या आतड्यातील नमुन्यांत हे प्रथिन काम करत नसल्याचे आढळले. १९९३ मध्ये त्याच्या जनुकातील उत्परिवर्तने सापडली. हे जनुक म्हणजे ‘एमटीटीपी’. त्याने घडवलेले प्रथिन ॲपो-बी नावाच्या लांबलचक प्रथिनावर मेदाचा थर चढवते. कांडीवर सूत गुंडाळावे तसा मेद त्यावर बसला की कायलोमायक्रॉन तयार होते. सूत नसलेली कांडी निरुपयोगी, म्हणून मेद न चढलेले ॲपो-बी पेशी मोडून टाकते.

किण्वातून आलेला धागा

गाठोडे बांधून झाले तरी ते पाठवायचे राहिलेच. कायलोमायक्रॉन आंतर्द्रव्यजालिकेत तयार होते. तिथून ते गॉल्जी संकुलाकडे आणि मग पेशीबाहेर जायला हवे.

१९६१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ शार्लट अँडरसन यांनी एका तान्ह्या मुलीचे वर्णन केले. तिला सतत तेलकट जुलाब होत, वजन वाढत नव्हते, आणि आतड्याच्या पेशी मेदाने गच्च भरलेल्या होत्या. माल बांधलेला होता, पण वखारीतून हलत नव्हता.

या कोड्याची किल्ली अगदी वेगळ्या ठिकाणी सापडली. पाव आणि ब्रेड फुगवणारे किण्व ही एकपेशीय बुरशी आहे. तिच्या पेशीत प्रथिने इकडून तिकडे कशी जातात, याचा अभ्यास अनेक प्रयोगशाळांत चालू होता. १९८९ मध्ये अकिहिको नाकानो आणि मासामी मुरामात्सु यांनी किण्वातील ‘सार-१’ या जनुकाचे काम उलगडले. त्याचे प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाला फुगवटा आणून छोटी पुटिका सुटी करण्याच्या कामाची सुरुवात करते. अशा पुटिका हीच पेशीतील मालवाहू वाहने. या वाहतुकीच्या अभ्यासासाठी रँडी शेकमन यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

२००३ मध्ये असे दिसून आले की अँडरसन यांनी वर्णन केलेल्या आजारात मानवातील ‘सार-१-बी’ हे जनुक बिघडलेले असते. नेहमीच्या पुटिकेचा व्यास ६० ते ८० नॅनोमीटर असतो आणि कायलोमायक्रॉन त्याहून कितीतरी मोठे असू शकते. हा अवजड माल आंतर्द्रव्यजालिकेतून बाहेर काढण्याचे काम ‘सार-१-बी’वाचून नीट होत नाही. किण्वाच्या एका पेशीत शोधलेल्या गोष्टीने तान्ह्या मुलांच्या जुलाबाचे कारण सांगितले. ‘बुरशीचा अभ्यास करून काय उपयोग?’ असे विद्यार्थ्यांनी विचारले, तर हे उदाहरण जरूर सांगावे.

मुंबईतला प्रकाशाचा चिमटा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आतड्यासारखेच यकृतही मेदाची गाठोडी बांधून रक्तात सोडते. पण यकृताला साठाही करावा लागतो. त्याच्या पेशींत ट्रायग्लिसराइडचे गोल थेंब असतात. त्यांना मेदबिंदू म्हणू. उपाशी प्राण्याच्या यकृतात मेदबिंदूंची गर्दी होते. तरीही रक्तात सोडल्या जाणाऱ्या ट्रायग्लिसराइडचे प्रमाण फारसे बदलत नाही. का?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेले रूप मलिक आणि त्यांचे विद्यार्थी पेशीतील ‘वाहक प्रथिनां’चा अभ्यास करत होते. पेशीत सूक्ष्मनलिकांचे जाळे असते. त्या जणू रूळ. १९८५ मध्ये माखलीसारख्या समुद्री प्राण्याच्या, म्हणजे स्क्विडच्या, चेतातंतूत ‘किनेसिन’ हे प्रथिन सापडले. ते सूक्ष्मनलिकेवरून ८ नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत माल ओढते. या ओढीचे बळ मोजायला लेसर प्रकाशाचा चिमटा वापरतात. आर्थर ॲश्किन यांनी १९८६ मध्ये तो बनवला आणि त्यासाठी २०१८ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. लहान गोल कण प्रकाशाच्या केंद्रात अडकतो. वाहकाने त्याला किती ओढले, यावरून बळ काढता येते. चिमट्यासाठी कण गोल असलेला बरा, आणि मेदबिंदू तर निसर्गतःच गोल! २०१३ मध्ये या गटाने पेशीतून काढलेल्या अशा घटकांवर बळ मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

पुढची पायरी होती ती यकृतातील मेदबिंदूंची. प्रियांका राय, मलिक आणि सहकाऱ्यांचे हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या आयसर संस्थेतील सिद्धेश कामत यांचाही त्यात सहभाग होता. खाऊ घातलेल्या प्राण्याच्या यकृतातील मेदबिंदूंवर किनेसिन भरपूर होते. ते मेदबिंदूंना पेशीच्या कडेकडे नेत होते. कडेला मृदू आंतर्द्रव्यजालिका असते. मेद विघटित करणारी विकरे आणि त्याची गाठोडी बांधण्याची व्यवस्था तिथेच. उपाशी प्राण्यात मात्र मेदबिंदूंवरचे किनेसिन उतरलेले होते. बिंदू होते, पण जागचे हलत नव्हते. किनेसिन नेमके कसे चढते, ते याच गटाने २०१९ मध्ये अधिक स्पष्ट केले. जेवणानंतर वाढणाऱ्या इन्सुलिनमुळे मेदबिंदूच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार होते आणि किनेसिन त्याला पकडून चढते. उपवासात इन्सुलिन कमी झाले की हे आम्लही कमी होते आणि किनेसिन सुटते.

मालेगावच्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात आज कापड किती निघेल, हे गोदामात सुताच्या किती गाठी आहेत यावर ठरत नाही. सूत गोदामातून मागापर्यंत नेणारी माणसे किती, यावर ठरते. गोदाम छतापर्यंत भरले आणि त्याच वेळी वाहणारी माणसे कमी केली, तर कापडाचे प्रमाण जवळपास तेच राहते. यकृत हेच करते. उपवासात साठा फुगतो, पण वाहणारे कमी होतात. म्हणून यकृतातली चरबी लोंढ्याने रक्तात येत नाही. उपमेची मर्यादाही सांगावी : कारखान्यात माणसे कमी करणारा मुकादम असतो, पेशीत कुणी मुकादम नाही. एका संप्रेरकाची पातळी आणि पटलावरचे एक आम्ल एवढ्यावरच ते साधते.

यात ‘जनुकाची भूमिका’ कोणती? किनेसिनचे जनुक उपवासातही शाबूत असते. बदलते ते त्या प्रथिनाचे ठिकाण. एखादे जनुक आहे किंवा नाही, यावर सारे ठरते असे आपण नकळत शिकवून जातो. ‘एमटीटीपी’ आणि ‘सार-१-बी’ यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. किनेसिनच्या बाबतीत मात्र ते कुठे, केव्हा कामाला लागते याला महत्त्व. हे प्रयोग रॅट जातीचे उंदीर आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी यांवरचे आहेत. त्यावरून रोजा किंवा एकादशी करावी की नाही, असा निष्कर्ष काढू नये.

कमी कोलेस्टेरॉलचा इशारा

या साऱ्याचा शाळेशी आणखी एक संबंध आहे. ‘एमटीटीपी’ आणि ‘सार-१-बी’ यांचे आजार फार विरळा, पण अप्रभावी आहेत. म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेले जनुक आले तरच मूल आजारी पडते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला ती शक्यता चारात एक असते. सख्ख्या चुलत, मामे किंवा मावस भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, त्यामुळे त्यांच्या लग्नात तेच विरळा जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींत आहे, चुलत-मावस नात्यांत लग्न मुस्लिम समाजातही होते. तेव्हा हा प्रश्न कोण्या एका समाजाचा म्हणून मांडू नये. अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात, हेही त्याच वेळी सांगावे. मुलांना दोष वाटू नये, समज यावी.

आजार ओळखला तर उपाय आहे. आहारातील नेहमीचे मेद कमी करायचे आणि ई व अ ही जीवनसत्त्वे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोठ्या प्रमाणात द्यायची. लंडनमध्ये डेव्हिड म्युलर आणि जून लॉईड यांनी १९७० च्या दशकापासून दाखवून दिले की ई जीवनसत्त्व लवकर सुरू केले तर चेतासंस्थेची आणि डोळ्यांची हानी रोखता येते. उशीर झाला तर गेलेले सहसा परत येत नाही. १९६० च्या त्या शोधनिबंधातही लॉईड सहभागी होत्या. रक्तातील एका अभावाची नोंद करणाऱ्या गटातील व्यक्तीनेच पुढे त्यावरचा उपाय शोधायला हातभार लावला.

अडचण अशी की सतत जुलाब आणि न वाढणारे वजन म्हटले की आपण जंत, दूषित पाणी, कुपोषण यांचाच विचार करतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण मल तेलकट, दुर्गंधीचा, उपचारांनी न थांबणारा. घरात आधी एखादे मूल असेच आजारी पडलेले. आणि रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल अतिशय कमी, असे सारे एकत्र दिसले तर वेगळा विचार व्हायला हवा. कोलेस्टेरॉल जितके कमी तितके चांगले, या समजुतीने हा इशारा नजरेतून सुटू शकतो. वर्गातला एखादा मुलगा अंधुक उजेडात अडखळत असेल, चालताना तोल जात असेल आणि लहानपणापासून पोट बिघडत असेल, तर ‘धांदरट’ म्हणण्याआधी पालकांना बालरोगतज्ज्ञाकडे जायला सुचवावे. शिक्षकाने निदान करायचे नाही. एवढे सुचवणे पुरते.

याची दुसरी बाजूही आहे. काही कुटुंबांत जन्मतःच कोलेस्टेरॉल भयंकर वाढते. त्यांच्यासाठी ‘एमटीटीपी’च्या प्रथिनाला मुद्दाम आवर घालणारे लोमिटापाइड हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. बांधणी अडवली की रक्तातील मेद घटतो, पण यकृतात मेद साचण्याचा धोका वाढतो. गोदाम आणि माग यांचा हिशेब इथेही सुटत नाही.

वर्गात हे सारे दाखवणे अवघड. एक गोष्ट मात्र करता येते. ताज्या, न तापवलेल्या दुधाच्या थेंबात पाणी घालून तो काचपट्टीवर ठेवावा, त्यावर काचझाकण ठेवावे आणि सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगातून पाहावे. मेदाचे गोल थेंब थरथरताना दिसतात. गाय-म्हशीच्या कासेतल्या पेशीने ते बांधून बाहेर सोडलेले आहेत. नंतर दोन परीक्षानळ्यांत पाणी आणि थोडे गोडे तेल घ्यावे. एकीत भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून दोन्ही हलवाव्यात. साबण नसलेल्या नळीत तेल काही मिनिटांत वर येते. साबणाच्या नळीतले दुधाळ मिश्रण बराच वेळ तसेच राहते. मुलांना दोन्ही नळ्या तास संपेपर्यंत समोर ठेवू द्याव्यात आणि आसेल्लींनी कुत्र्याच्या पोटात काय पाहिले असेल, ते वहीत लिहायला सांगावे.